मेंढपाळ मेंढपाळ वाटत नाही

कुठलाही चित्रपट किंवा मालिका पाहिल्यावर माणसाला काही ना काही वाटतंच. हे वाटणं वेळीच आवरलं नाही तर ते समाजाला घातक ठरतं. मोकाट जनावरांसाठी पेडगावात ग्रामपंचायतीचा कोंडवाडा आहे. मोकाट वाटण्यासाठी मात्र परवापरवापर्यंत गावात कसलीच सोय नव्हती. ज्याला जे वाटेल ते तो बेलाशक वाटून घेई. एकाच मालिकेचा एकच भाग पाहून शेजारच्या सरजाबाई रडायच्या, त्यांची सून हसायची आणि मुलगा जेवायला कधी वाढता म्हणून विचारायचा. एका घरात तीन वाटण्या! (जमिनीच्या वाटण्या झाल्या तर निदान सात-बारावर नोंद तरी होते.)

ही अंदाधुंदी मोडून काढण्याचं श्रेय आदरणीय दिनकररावांना जातं.

दिनकररावांनी एका सरकारी कार्यालयात चौतीस वर्षं सेवा केली. (कार्यालयाचं नाव सांगण्याचं कारण नाही, आतून सगळी सारखीच असतात.) एवढ्या काळात त्यांनी एकही काम केलं नाही, असं त्यांचे हितशत्रू म्हणतात. ते खरं आहे, पण अपुरं आहे. ज्यांनी काम केलं त्यांच्या फायलीवर अभिप्राय लिहिणं, हेच त्यांचं काम होतं. निवृत्तीनंतर फायली बंद झाल्या. अभिप्राय मात्र आतून यायचे थांबेनात. पहिल्या महिन्यात त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात शेरे मारले, दुसऱ्या महिन्यात सूनबाई राजेश्रीच्या उपम्यावर 'मीठ तपासून फेरसादर करावा' असं सांगितलं. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी मालिकेतल्या सुनेला घराबाहेर काढलं म्हणून त्यांच्या पत्नी पार्वतीबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. दिनकररावांनी टीव्हीकडे पाहिलं, पत्नीकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रसंग अवास्तव आहे. रडण्यास पुरेसा आधार दिसून येत नाही."

पार्वतीबाईंचं रडू जागच्या जागी थांबलं. दिनकररावांना आपल्या उर्वरित आयुष्याचा मार्ग सापडला.

'पेडगाव प्रेक्षक अभिप्राय मंडळ' असं स्थापन झालं. अध्यक्ष दिनकरराव, सभासद दोनशे चौदा, आणि सचिव प्रस्तुत लेखक, म्हणजे मी, बन्सीधर, किराणा व भुसार. मंडळ मोबाईलवरच्या ग्रुपवर चालतं, पण त्याला गोल रबरी शिक्का आहे, हे आवर्जून नमूद करतो. चित्रपट आला की दिनकरराव तो पाहतात, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता लेखी अभिप्राय आणि पाचपैकी तारे जाहीर करतात आणि साडेआठपर्यंत गावाला तसंच वाटू लागतं. सभासदांसाठी एक छापील नमुना आहे. त्यात चित्रपटाचं नाव, पाहिला किंवा पाहिला नाही (लागू नसेल ते खोडावे), अध्यक्षांशी सहमत किंवा पूर्ण सहमत (लागू नसेल ते खोडावे) आणि सही, एवढेच रकाने आहेत. मागच्या वर्षीच्या नमुन्यांची मी स्वतः छाननी केली. शेकडा एकसष्ट सभासदांनी चित्रपट न पाहता मत दिलं, शेकडा तीस जणांनी पाहून तेच मत दिलं आणि उरलेल्या नऊ टक्क्यांनी चुकून आपापल्या नावावर तारे दिले.

शिस्त कडक आहे, पण सर्वांना सारखी आहे. मी स्वतः एकदा परभणीच्या थिएटरात एका विनोदी प्रसंगाला खदखदून हसलो होतो. दुसऱ्या दिवशीच्या अभिप्रायात तो प्रसंग 'हीन अभिरुचीचा' निघाला. मी दिलगिरीचं पत्र दिलं. तेव्हापासून मी थिएटरात हसायचं असेल तर दुसऱ्या दिवशी नऊनंतर, दुकानात हसतो.

आता मूळ विषय. गावाच्या कडेला धोंडीबा राहतो. त्याच्या सत्तर-ऐंशी मेंढ्या आहेत. त्याचा बाप मेंढ्या राखायचा, आजा मेंढ्या राखायचा, आणि धोंडीबा वयाच्या सातव्या वर्षापासून मेंढ्यांच्या मागे आहे. दिवाळी झाली की तो कळप घेऊन सोनपेठच्या अंगाला गोदावरीकाठी जातो, पावसाळ्याच्या तोंडावर परत येतो. त्याची मुलगी दीपिका परभणीला कॉलेजात शिकते. गेल्या हिवाळ्यात ती बापाबरोबर आठ दिवस चालली आणि मोबाईलवर तिनं बावीस मिनिटांचा चित्रपट केला. नाव ठेवलं 'मागं राहिलेली'.

गोष्ट काहीच नाही. कळप पुढं जातो, एक मेंढी लंगडत मागं राहते. धोंडीबा कळप थांबवतो, मागं येतो, मेंढी आडवी पाडतो. तिच्या खुरात बाभळीचा काटा मोडलेला असतो. नखांनी निघत नाही, चिमट्यानं निघत नाही. मग तो खाली वाकून दातांनी काटा ओढून काढतो, थुंकतो, मेंढीच्या पाठीवर एक थाप मारतो आणि पुढं चालायला लागतो. संपलं. गाणं नाही, खलनायक नाही.

हा चित्रपट दीपिकाला संभाजीनगरच्या एका लघुपट स्पर्धेला पाठवायचा होता. अर्जात एक अट होती : 'स्थानिक प्रेक्षकांचा प्रतिसाद, किमान तीन तारे, संस्थेच्या शिक्क्यासह.' अख्ख्या पंचक्रोशीत शिक्का असलेले प्रेक्षक फक्त आमच्याकडे होते.

म्हणून एका रविवारी संध्याकाळी समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून खेळ झाला. एकशे सोळा माणसं आली. पार्वतीबाईंना आणलं नव्हतं. त्या कशालाही रडतात आणि त्यामुळे इतरांच्या मतावर परिणाम होतो, असा ठरावच होता. धोंडीबा धुतलेला सदरा घालून दाराजवळ उकिडवा बसला होता. त्याची बायको भागुबाई चादरीवरच्या एकेका मेंढीला नावानं ओळखत होती.

काटा निघाला तेव्हा सभागृहात कुणी खोकलंही नाही. दिवे लागले. एकशे सोळा माणसांनी माना वळवून दिनकररावांकडे पाहिलं. दिनकररावांनी चष्मा पुसला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "अभिप्राय लेखी कळवू."

सकाळी आठ वाजता तो आला. मी तो जसाच्या तसा देतो, कारण त्यातला एक शब्दही वाया घालवण्यासारखा नाही :

'प्रस्तुत लघुपट पाहिला. विषय ग्रामीण आहे. मेंढ्यांचा अभिनय समाधानकारक. मात्र मेंढपाळाची भूमिका करणारा कलावंत मेंढपाळ वाटत नाही. चालण्यात सहजता नाही. काठी धरण्याची पद्धत चुकीची. मराठवाडी बोली ओढूनताणून आणलेली. अखेरच्या प्रसंगी चेहऱ्यावर करुणा अपेक्षित होती. ती आढळून आली नाही. एक तारा पूर्ण, एक अर्धा. दीड.'

साडेआठपर्यंत दोनशे तेरा सभासद पूर्ण सहमत झाले. त्यात मी होतो. (नमुन्यावर मी 'पाहिला' खोडून 'पाहिला नाही' ठेवलं. हे सोयीचं पडतं.)

नऊ वाजता दीपिका दिनकररावांच्या ओसरीवर आली. मी शिक्क्याची पेटी घेऊन तिथंच बसलो होतो.

"काका, त्ये कलावंत न्हाईत," ती म्हणाली. "माजे वडील हायत. त्ये मेंढ्याच राखतेत."

"असतील."

"मंग मेंढपाळ वाटत न्हाईत म्हंजी?"

दिनकरराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "बेटा, असणं वेगळं आणि वाटणं वेगळं. असण्याची तपासणी महसूल खातं करतं. आमच्याकडं वाटण्याचं खातं आहे. आणि वडील म्हणून सवलत मागत असशील तर नात्यागोत्याचा विचार अभिप्रायात करता येत नाही."

दीपिकाचे डोळे लाल झाले. ती भांडली असती. पण तिच्या मागोमाग आलेला धोंडीबा पायरीशी उभा राहून सगळं ऐकत होता. तो हात जोडून म्हणाला, "पोरी, साहेब शिकल्याले हायत. त्येंनी लय पिच्चर बगितलेत. आपलंच चुकत आसंल कुटंतरी." मग दिनकररावांकडे वळून त्यानं विचारलं, "साहेब, मंग मेंढ्या राखनारा कसा चालतो?"

चौतीस वर्षांत दिनकररावांना एवढा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी उदार मनानं त्याला रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीपुढं बसायची परवानगी दिली. त्या वेळी एक लोकप्रिय मालिका लागत असे. तिच्यात एक तरणाबांड मेंढपाळ होता. त्याचं धोतर दुधासारखं पांढरं, फेटा हळदीसारखा पिवळा. काठी तो मानेमागून आडवी धरायचा, दोन्ही हात तिच्यावर लोंबकळत ठेवायचा आणि आभाळाकडे बघत चालायचा.

"साहेब," धोंडीबानं पहिल्या दिवशी विचारलं, "मेंढ्या खाली हायत. ह्यो वर काय बगायलाय?"

"विरह."

"कुनाचा?"

"ते पुढच्या भागात."

धोंडीबानं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून तो माळावर सराव करू लागला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यानं काठी मानेमागं टाकली, हात लोंबकळवले आणि वर पाहिलं. भागुबाई भाकरी घेऊन गेली तर बांधावरच थबकली.

"अवो, मान आवघडली का तुमची?"

"न्हाई. नीट चालाय शिकायलोय."

"कामून? पन्नास वर्सं वाकडं चालत हुता व्हय? लगनात बी असं चालला न्हवता!"

"तुला न्हाई कळायचं. विरह हाय ह्यो."

भागुबाईनं भाकरी दगडावर ठेवली आणि ती घरी आली. त्या दिवशी ती सरजाबाईंना म्हणाली, की माणूस आजारी पडला तर दवाखाना असतो. ह्याला कुठं न्यावं?

सरावाच्या पाचव्या दिवशी धोंडीबा आभाळाकडे बघत असताना सत्तर-ऐंशी मेंढ्या भागवतच्या सोयाबीनमध्ये शिरल्या. भागवत मोठा बागायतदार, आवाज त्याहून मोठा. तो धावत आला, पण धोंडीबाला त्या अवस्थेत पाहून शिव्या विसरला.

"धोंडीबा, वीस वर्सांत तुजी मेंढी माज्या बांधावर चढली न्हाई. आज काय झालं?"

धोंडीबानं काठी खाली घेतली. तो तुडवलेल्या सोयाबीनमध्ये खाली बसला आणि एकेक रोप उभं करू पाहू लागला. भागवतनं सांगितलेली गोष्ट अशी, की तो रोपाशी बोलत होता आणि रडत होता. (मंडळाच्या व्याख्येनुसार ही करुणा. पण ती चित्रीकरणाच्या बाहेर आढळल्यानं विचारात घेता आली नाही.)

आठ दिवसांनी दिनकररावांनी माळावर जाऊन धोंडीबाची चाल तपासली. शेरा पडला : 'प्रगती असमाधानकारक. सदर इसम अद्याप मेंढपाळ वाटत नाही.'

अर्जाची मुदत संपायला सहा दिवस उरले होते. दिनकररावांनी स्वतःच तोडगा काढला, यावरून त्यांचं मन किती मोठं आहे ते दिसतं. त्यांनी सुचवलं, की चित्रपट पुन्हा काढावा आणि धोंडीबाची भूमिका महारुद्रला द्यावी. महारुद्र हा त्यांचा पुतण्या. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दोनदा टाळ्या मिळवलेला, उंच, गोरा. (नात्यागोत्याचा विचार केलेला नाही, असं दिनकररावांनी लेखी दिलं आहे.)

दीपिका नाही म्हणाली. तीन वेळा म्हणाली. चौथ्यांदा धोंडीबा तिला म्हणाला, "पोरी, माज्या पायी तुजं नुसकान नको. मला जमत न्हाई तं जमनाऱ्याला करू दे." तिनं मोबाईल उचलला.

मानवतच्या रस्त्यालगतच्या माळावर चित्रीकरण झालं. पिवळा फेटा, पांढरं धोतर. महारुद्र काठी आडवी धरून चालू लागला, पण मेंढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मालिका पाहिलेली नव्हती. शेवटी धोंडीबाला बाभळीमागं लपवलं. त्यानं तिथून जीभ टाळ्याला लावून हाळी दिली आणि कळप बाभळीकडे निघाला. महारुद्र कळपामागं निघाला. जिकडं चित्रपटात मेंढपाळ मेंढ्यांना नेतो असं दिसतं, तिकडं त्या मेंढ्या खऱ्या मेंढपाळाकडे चालल्या होत्या. तो दिसू नये एवढीच काळजी घ्यायची होती.

काट्याच्या प्रसंगी महारुद्रनं खुराला तोंड लावायला नकार दिला. तेव्हा खुराजवळचं तोंड तेवढं धोंडीबाचं घेतलं, त्याच्या पिकल्या मिशीला काजळ लावून.

चार तारे पडले. अभिप्रायात म्हटलं होतं : 'महारुद्र यांच्या रूपानं मातीतला अस्सल मेंढपाळ प्रथमच पडद्यावर अवतरला. दातांनी काटा काढण्याचा प्रसंग त्यांच्या अभिनयाची उंची दाखवतो.' मी त्यावर शिक्का मारला. शिक्का नीट उठला.

पुढं जे झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. स्पर्धेत दुसरा क्रमांक, आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता महारुद्र. समाजमंदिरात सत्कार ठेवला. सत्काराला घोंगडी आणि काठी द्यायचं ठरलं आणि ती धोंडीबाच्याच हातून द्यावी, अशी सूचना मी मांडली. धोंडीबानं महारुद्रच्या खांद्यावर घोंगडी घातली. त्याच्या आवाजात टोमणा शोधण्याचा मी खूप प्रयत्न केला. नव्हता. तो म्हणाला, "लय भारी केलंस, बाळा. मला जमलं न्हाई बग."

दीपिकाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती खरोखर दोनच वाक्यं बोलली. "पयला पिच्चर माज्या मोबाईलमदी हाय. कुनाला पुन्ना बगावा वाटला तं सांगा." चहा आला होता, त्यामुळे कुणी सांगितलं नाही. त्याच दुपारी ती ग्रुपमधून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईंनी तिला निरोप धाडला. दुपारची वेळ होती; दिनकरराव झोपले होते, राजेश्री शेंगा निवडत होती. स्वयंपाकघरात पाटावर बसून पार्वतीबाईंनी बावीस मिनिटं त्या हाताएवढ्या पडद्यावर पाहिलं. काटा निघाला तेव्हा त्यांना हुंदका फुटला, आणि तो एवढा मोठा फुटला की दिनकरराव उठून दारात आले.

"काय झालं? कारण काय?"

"कारन लिवायला तुमच्या कागदात जागा न्हाई," पार्वतीबाई म्हणाल्या. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी केलेला हा पहिला तोंडी अभिप्राय. दिनकरराव 'नोंद घेतली' असं पुटपुटून परत झोपायला गेले. ते झोपले नाहीत, असं राजेश्री सांगते. पण ती घरातली असल्यानं तिचा पुरावा धरता येत नाही.

पार्वतीबाई तशाच उठल्या, पायांत चपला सरकवल्या आणि दीपिकाबरोबर गावाच्या कडेला गेल्या. धोंडीबा दारात दोरी वळत बसला होता. मोठ्या घरची बाई दारात आलेली पाहून तो दचकून उभा राहिला. भागुबाईनं लगबगीनं पोतं अंथरलं. पार्वतीबाई बसल्या नाहीत.

"धोंडीभाऊ," त्या म्हणाल्या, "मी आत्ता तुमचा पिच्चर बगितला. मला लय रडू आलं बगा."

धोंडीबाचा चेहरा एवढासा झाला. त्यानं हातातली दोरी खाली ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "कुटं चुकलं, वैनी?"

पार्वतीबाईंनी पुन्हा डोळ्यांना पदर लावला. दीपिका पाठ फिरवून मेंढ्यांच्या वाड्याकडे गेली.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. मंडळ उत्तम चाललं आहे. सभासदसंख्या तीनशेवर गेली. धोंडीबा आताही रोज कळप घेऊन निघतो. रस्त्यानं एकटा असला तर काठी टेकत, खाली बघत चालतो. समोरून मोटारसायकल आली की काठी उचलून मानेमागं आडवी टाकतो, आभाळाकडे पाहतो, आणि गाडी लांब गेल्यावर हळूच खाली घेतो.

आता वाचकांविषयी. वाचता वाचता तुम्ही धोंडीबाची बाजू घेतली, हे मला कळलं आहे. दिनकररावांना मनातल्या मनात दोन शिव्याही घातल्या असतील. त्या खेळाला मी शिक्क्याच्या पेटीआड तोंड लपवलं होतं, शेजारी बसलेला भागवत उपरण्यानं डोळे टिपत होता, आणि माझी खात्री आहे की त्या संध्याकाळी समाजमंदिरात एकशे सोळाच्या एकशे सोळा माणसं धोंडीबाच्याच बाजूची होती. दिवे लागल्यावर फक्त एकानं टाळी वाजवायची होती. तुमचं नाव मी आमच्या त्याच यादीत एकशे सतरावं लिहून घेतलं आहे, सहीपुरतं या.